खांदा दुखायलाय, मग मान कशाला तपासायची?

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ४१, झेडपीच्या शाळेवर शिक्षक, संध्याकाळी व्हॉलीबॉल, उजवा खांदा स्मॅश मारताना आणि फळ्याच्या वरच्या टोकाला लिहिताना टोचतो, एमआरआयमध्ये सुप्रास्पायनॅटसच्या (खांद्याच्या वरच्या बाजूनं हात उचलायला लागणारा स्नायू) टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीला, थोडी सूज, फाटलेलं काही नाही, चार महिने रबराचा पट्टा ओढून झाला तरी फरक पाच-दहा टक्केच, आणि आता अंबाजोगाईच्या नव्या फिजिओताईंनी पहिले दोन दिवस खांद्याला जवळजवळ हातच लावला नाही, मानच तपासत बसल्या. त्यावर तुम्ही विचारलंय की दुखणं खांद्याचं अन् इलाज मानेचा, ह्यात काही तथ्य आहे का उगं दिवस वाढवायलेत.

तथ्य आहे, आणि त्या ताई बरोबर करायल्यात. मी २३ वर्षं हेच काम करतोय, आधी नांदेडला, आता लातूरला, आणि खांद्याचा पेशंट आला की मी पण पहिली मानच बघतो. का बघतो ते नीट सांगतो, जरा लांबेल, पण तुम्ही शिकवणारे आहात, कारण कळल्याशिवाय तुम्ही व्यायाम करणार नाही हे तुमच्या प्रश्नावरूनच दिसतंय.

आधी खांदा कशावर उभा आहे ते बघा. आपण खांदा म्हणतो तेव्हा दंडाचा गोळा अन् त्याची वाटी एवढंच डोळ्यापुढं येतं. पण ती वाटी ज्या हाडाला आहे ते पाठीमागचं पातं, आपल्याकडची म्हातारी माणसं फरा म्हणतात ते, ते बरगड्यांवर नुसतं टेकलेलं असतं, बरगडीशी त्याचा हाडाचा सांधा नाही. हाडाचा जोड एकच, पुढून कॉलर बोनशी, आणि कॉलर बोन तिकडं छातीच्या मधल्या हाडाला. बाकी अख्खं पातं स्नायूंनी बांधून ठेवलंय. खालून बरगड्यांकडून सेरेटस, आतून मणक्याकडून ऱ्हॉम्बॉइड, आणि वरून मानेकडून दोन मोठे, एक ट्रॅपिझियस जो थेट कवटीच्या मागून निघतो अन् पार पाठीच्या शेवटच्या बरगडीच्या मणक्यापर्यंत पसरलेला आहे, आणि दुसरा लेव्हेटर स्कॅप्युली, जो मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून निघून पात्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्याला जाऊन लागतो. तुम्ही आत्ता मान अन् खांद्याच्या मधे बोट दाबलं तर जिथं सगळ्यात जास्त दुखतं ना, बहुतेक लोकांचा हात बरोबर तिथंच जातो, तो हा लेव्हेटरचा कोपरा.

म्हणजे पातं मानेला टांगलेलं आहे. गोठ्यातल्या जनावराचं दावं डोळ्यापुढं आणा. खुंटा मान, जनावर पातं, अन् मधलं दावं म्हणजे लेव्हेटर. दावं आखडून बांधलं तर जनावराला गव्हाणीपर्यंत तोंड नेता येत नाही, मग ते मान वाकडी करून, पाय फाकवून कसंतरी पोचतं. तुम्ही आता जनावराचे पाय दाबत बसलात अन् दाव्याकडं बघितलंच नाही तर पाय दुखायचे थांबतील का? चार महिने रबर ओढून फरक का पडला नाही, त्याचं अर्धं उत्तर माझ्या मते इथंच आहे.

आता हात वर कसा जातो ते. हात बाजूनं पूर्ण वर न्यायचा म्हणजे साधारण १८० अंश, त्यातले १२०च्या आसपास दंडाचा गोळा वाटीत फिरून मिळतात आणि उरलेले ६०च्या आसपास पातं स्वतः वरच्या दिशेला फिरून देतं. हा दोनास एकचा हिशोब १९४४ साली मांडला गेला, माणसागणिक थोडा इकडंतिकडं होतो, पण ढोबळमानानं आजही आम्ही तोच धरतो. पात्याला फिरवायचं काम तिघांचं, ट्रॅपिझियसचा वरचा भाग, खालचा भाग आणि सेरेटस, तिघं मिळून स्टिअरिंग फिरवल्यासारखं पातं वळवतात. आणि लेव्हेटर अन् ऱ्हॉम्बॉइड नेमकं उलट्या दिशेला ओढतात. हात वर जाताना त्यांनी सैल सोडायचं असतं. पण मान जर आखडलेली असेल, किंवा दिवसभर पुढं काढून ठेवलेली असेल, तर लेव्हेटर सोडायलाच तयार नसतो, कारण तो त्या वेळेला डोकं धरून ठेवायच्या कामाला जुंपलेला असतो. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो, ते पुढं झुकलं की कुणीतरी मागून धरायला लागतंच ना. मग पातं पुरतं फिरत नाही, त्याचं वरचं टोक बाजूला सरकत नाही, आणि दंडाचं हाड वर येऊन त्या टोकाखाली सुप्रास्पायनॅटस चिमटीत सापडतो. एमआरआयवाल्यानं सूज बघितली, ती खरीच आहे. पण ती सूज आली कशामुळं हे एमआरआयमध्ये दिसत नाही, कारण तिथं तुम्ही हात बाजूला घेऊन निपचित पडलेले असता.

स्टॅबिलिटीचं पण तेच. खांद्याची वाटी अगदी उथळ, गोळा मोठा, पितळीच्या काठावर लिंबू ठेवल्यासारखं काम. लिंबू पडू नये म्हणून रोटेटर कफचे चार स्नायू त्याला आत दाबून धरतात, पण ते चारही पात्यावरूनच निघतात. म्हणजे पातंच हलतंय तर कफनं कुणाच्या भरवशावर धरायचं? तुम्ही रबर ओढून कफ मजबूत करायलात, चांगलंच आहे, पण ज्या पात्यावर उभं राहून तो ओढतो ते पातं वरून दाव्यानं खेचलेलं, खालून सेरेटस झोपलेला.

तुमच्या स्मॅशकडं येतो, कारण तुम्ही लिहिलेली एक ओळ मला फार महत्त्वाची वाटली, "फिजिओ म्हणाल्या डावीकडं मान कमी वळते, पण मला कधी जाणवलं नाही." जाणवणार नाही, रोजच्या कामात कुणाला ८० अंश मान वळवायला लागतीय. पण स्मॅश मारताना काय होतं बघा. तुम्ही उडी मारता, उजवा हात मागं नेता, तेव्हा नुसता हात मागं जात नाही, कंबर वळते, छाती उजवीकडं वळते, पण डोळे बॉलवर, म्हणजे तोंड समोर नेटकडंच. छाती उजवीकडं गेली अन् तोंड तिथंच राहिलं याचा मानेच्या हिशोबानं अर्थ एकच, मान डावीकडं वळली. आणि मान डावीकडं वळताना ताणला कोण जातो, तर उजवा लेव्हेटर. तो आखडलाय, म्हणून मान डावीकडं पुरती वळत नाही. आता शरीरापुढं दोनच रस्ते, एकतर बॉलवरची नजर सोडायची, नाहीतर छाती कमी वळवायची. खेळणारा माणूस नजर कधीच सोडत नाही. छाती कमी वळली, पण हात मागं तर तेवढाच न्यायचाय, मग ती उरलेली कसर एकट्या खांद्याच्या सांध्यातून भरून काढली जाते, हात छातीच्या रेषेच्या पार मागं जातो, सांध्याभोवतीची पिशवी, म्हणजे कॅप्सूल, पुढून ताणते, मागच्या बाजूला कफ चेंगरतो. एका संध्याकाळी चाळीस-पन्नास वेळा हेच. फास्ट बॉलरचं अन् भालाफेकवाल्यांचं पण थोड्याफार फरकानं असंच असतंय, पोरांचा खांदा तपासताना मी त्यांना उलट्या बाजूला मान वळवायला लावतो तर प्रशिक्षक चक्रावून बघतात.

त्यात बॉल वर असतो, म्हणजे मान मागं पण टाकायची. वर बघायचं तर मानेच्या खालच्या टोकाला, जिथं मान पाठीला मिळते तिथला भाग अन् छातीच्या मागचे वरचे मणके मागं वाकायला पाहिजेत. मास्तर लोकांचं, शिवणकामवाल्यांचं, पैठणच्या मागावर बसणाऱ्यांचं, लातूरात नीटची तयारी करणाऱ्या पोरांचं, सगळ्यांचं हे ठिकाण आधी कडक होतं, वर्षानुवर्षं वही, मशीन, माग, पुस्तक यात डोकं घालून. हात कानापाशी पूर्ण न्यायला पण ह्या वरच्या मणक्यांनी थोडं मागं वाकावं लागतं. ते वाकेनात तर माणूस कंबरेतून मागं झुकतो. भिंतीला पाठ टेकून दोन्ही हात वर करा, कंबर भिंतीपासून लांब निघाली की समजायचं.

आता नसांचं. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथं मी स्वतः चुकलेलो आहे, म्हणून सांगतोय. हात उचलणारे अन् फिरवणारे बहुतेक स्नायू, डेल्टॉइड, सुप्रास्पायनॅटस, इन्फ्रास्पायनॅटस, यांच्या नसा मानेच्या पाचव्या-सहाव्या नसेतून येतात, सेरेटसची नस पाचवी-सहावी-सातवी मिळून होते, आणि हा सगळा जुडगा मानेच्या बाजूच्या दोन स्केलीन स्नायूंच्या फटीतून खाली उतरतो. म्हणजे मानेत नस दबली तर दुखणं अन् अशक्तपणा खांद्यात दिसू शकतो, आणि खांदा बिचारा ठणठणीत असतो. माझ्या सुरुवातीच्या काळात परभणी भागातली एक बाई आली होती, कापूस वेचणारी, ओटी बांधून दिवसभर खाली मान घालून काम. तक्रार एकच, "दादा, हात वर जाईना." मी खांदा धरला, शेक, मशीन, व्यायाम, पाच आठवडे. फरक शून्य. एके दिवशी बाहेर बाकावर बसलेली दिसली, दुखरा हात डोक्यावर ठेवून. विचारलं, असं का बसलाव? म्हणाली, "असं ठेवलं की बरं वाटतंय, कळ थांबती." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हात डोक्यावर ठेवल्यावर आराम पडणं ही मानेतली नस दबल्याची जुनी ओळखीची खूण आहे, कारण त्यानं नसेवरचा ताण सैल होतो. खांद्याचं दुखणं असतं तर हात डोक्यावर नेताना उलट जास्त दुखलं असतं. मान तपासली, दंडापुढचा रिफ्लेक्स, म्हणजे हातोडीनं ठोकल्यावर हात आपोआप झटकतो तो, त्या बाजूला मंद होता, मान मागं अन् त्या बाजूला झुकवली की कळ थेट दंडात. त्या बाईचे पाच आठवडे माझ्यामुळं गेले, अन् ते दिवस वेचणीच्या हंगामातले होते, तेवढी तिची मजुरी बुडाली. तेव्हापासून खांद्याचा एकही पेशंट मी मान तपासल्याशिवाय टेबलावर घेतलेला नाही.

आणखी एक गोष्ट, ही थोडी कमी लोकांना माहीत असते. मानेच्या वरच्या टोकाला कवटीखाली जे छोटे स्नायू आहेत त्यांच्यात ताणाची खबर देणारी यंत्रणा शरीरातल्या इतर बऱ्याच स्नायूंपेक्षा दाट असते. डोकं कुठं आहे ही खबर तिथून मेंदूला जाते आणि तिच्या हिशोबानं हातापायांचा, धडाचा टोन, म्हणजे स्नायूंचा ताण, जमवला जातो. तान्हं बाळ बघा, पाठीवर झोपलेलं असताना त्याचं तोंड एका बाजूला वळलं की त्या बाजूचा हात सरळ होतो अन् दुसऱ्या बाजूचा दुमडतो, पहिल्या चार-सहा महिन्यांत हे दिसतं, मग मावळतं. मोठ्या माणसात ते उघड दिसत नाही, पण मान अन् हात यांचा आतला संबंध तुटलेला नसतो. म्हणून मान दुखत असेल किंवा वळत नसेल तर पात्याच्या स्नायूंची वेळ चुकते, जो आधी चालू व्हायचा तो उशिरा होतो, अन् वरचा ट्रॅपिझियस सगळ्यांच्या आधी धावून जातो. हात उचलताना खांदा कानाकडं जाणारी माणसं तुम्ही बघितली असतील, ते हेच.

आपल्या भागात मान बिघडवणारी कामं कमी नाहीत. फवारणीचा पंप घ्या, १६ लिटर पाणी म्हणजे १६ किलो, वर पंपाचं वजन, पट्टे बरोबर मान-खांद्याच्या मधे रुततात, एका हातानं दांडा मारायचा, दुसऱ्या हातात नळी, अन् डोकं पुढं. मोंढ्यातले हमाल पाठीवर पोतं घेतात तेव्हा मान पुढं दाबून धरतात. ऊसतोडीला जाणारी बीडकडची जोडपी, वाकून कोयता चालवायचा अन् मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. ह्या लोकांना मी "हे काम बंद करा" असं कधी सांगत नाही, ते त्यांच्या हातात नाही. पंपाच्या पट्ट्याखाली जाड पंचा घडी करून ठेवा, टाकी पूर्ण न भरता दहा लिटर भरा, दर टाकीला पट्टे काढून मान दोन्हीकडं वळवा, एवढं सांगतो, अन् तेवढ्यानं सुद्धा फरक पडलेला बघितलाय. मोटारसायकलवर फोन कान अन् खांद्यात दाबून बोलायची सवय मात्र सोडाच, तिथं लेव्हेटर पूर्ण आखडलेल्या अवस्थेत मिनिटं-मिनिटं धरून ठेवला जातो, अपघाताची भीती वेगळीच.

आता घरी काय बघायचं. खुर्चीवर ताठ बसा, खांदे न हलवता मान उजवीकडं, मग डावीकडं वळवा. साधारण ८० अंश व्हायला पाहिजे, म्हणजे हनुवटी जवळपास खांद्याच्या रेषेपर्यंत. मॅडमना किंवा पोराला मागून बघायला सांगा, भिंतीवरची एखादी खूण धरा. मग दोन्ही हातांखाली उश्या ठेवा, इतक्या उंच की खांदे अलगद वर उचलले जातील अन् हातांचं वजन उशीवर जाईल, आणि परत वळवा. आता जर मान पहिल्यापेक्षा जास्त वळली तर अडचण दाव्यात, म्हणजे पातं अन् हाताचं वजन मानेला खाली ओढतंय. तेवढीच वळली तर अडचण मानेच्या सांध्यातच आहे, तिथं ताईंच्या हाताचं काम. तुमचं मी न बघता सांगणार नाही, पण डावीकडंच कमी अन् उजव्या लेव्हेटरचा कोपरा दुखरा असेल तर बहुतेक उशीनं फरक दिसेल.

दुसरं, उजवा हात बाजूनं वर न्या, टोचतं तिथं थांबा, अंश मनात धरा. मग तोच हात मान डावीकडं वळवून न्या, मग उजवीकडं वळवून न्या. टोचण्याची जागा किंवा जोर बदलला तर मानेचा वाटा आहे. अजिबात बदलला नाही तर वाटा कमी.

तिसरं म्हणजे कोपर बरगडीला चिकटवून ९० अंशात दुमडायचा अन् दुसऱ्या कुणीतरी तुमचा पंजा बाहेर फिरवायचा. तो फिरतच नाही, दगड लागल्यासारखा अडतो, तर ते फ्रोजन शोल्डर असू शकतं, तिथं मानेवर वेळ घालवू नका. आपल्याकडं शुगरवाले पेशंट भरपूर, त्यांच्यात फ्रोजन शोल्डरचं प्रमाण जास्त असतंय, म्हणून चाळिशीनंतर खांदा आखडला अन् शुगर कधी तपासलीच नाही असं असेल तर आधी ती तपासा. मान मोकळी केली की प्रत्येक खांदा बरा होतो असं मी म्हणत नाही. टेंडन पूर्ण फाटलं असेल, सांधा घसरलेला असेल, तर मानेचा व्यायाम फारतर आधाराला.

आता करायचं काय. ताई सांगतील तेच धरा, मी फक्त क्रम अन् त्यामागचा विचार सांगतो. पहिला आठवडा-दीड आठवडा मोकळं करायचं. हातांखाली उश्या ठेवूनच मान सावकाश दोन्हीकडं दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा, दुखण्याच्या अलीकडं थांबायचं. उजवा लेव्हेटर ताणायचा तर मान डावीकडं साधारण ४५ अंश वळवून डाव्या बगलेकडं बघायचं, २०-३० सेकंद, दोन-तीनदा, डोकं हातानं ओढायचं नाही, नुसतं हाताचं वजन ठेवायचं. पंच्याचा काठ मानेवर धरून मान वळवायची एक पद्धत आहे, न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन या फिजिओंची, फार गुणाची आहे पण पंचा कुठल्या मणक्यावर अन् कुठल्या दिशेला ओढायचा हे समोर बसूनच शिका, लिहून कळत नाही. छातीच्या मागच्या मणक्यांसाठी टॉवेलची गुंडाळी पात्यांच्या मधे आडवी ठेवून पाठीवर झोपायचं, गुडघे दुमडून, हात हळूहळू डोक्याकडं, दोन-तीन मिनिटं.

पण इथंच बहुतेक लोक थांबतात आणि मग म्हणतात की दोन दिवस बरं वाटलं, परत पहिल्यासारखं. टेबलावर मान मोकळी केली की हात लगेच दहा-पंधरा अंश जास्त जातो, पेशंट खूश, मी पण खूश, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत आखडलेला. कारण लेव्हेटर आखडला होता तो कामाला जुंपला होता म्हणून. ते काम दुसऱ्या कुणी घेतलं नाही तर तो परत तेच करणार. डोकं धरायचं काम मानेच्या पुढच्या खोल स्नायूंनी घ्यायला पाहिजे अन् पातं धरायचं सेरेटस अन् खालच्या ट्रॅपिझियसनं. म्हणून मोकळं झालेल्या दिवसापासूनच भार द्यायला सुरुवात.

पाठीवर झोपा, पातळ उशी, आणि "हो" म्हणताना मान हलते तेवढीच हनुवटी खाली, डोकं उचलायचं नाही, घशापुढचे जाड स्नायू फुगायला नकोत, तिथं बोटं ठेवून बघा. १० सेकंद धरा, १० वेळा. दिसायला काहीच वाटत नाही, पण नीट केलं तर सहाव्या-सातव्या वेळेला मान थरथरायला लागते. तालमीतले पैलवान माझ्याकडं येतात, मान बैलासारखी, ब्रिजवर, म्हणजे डोकं अन् पाय टेकवून, अख्खं अंग तोलतील, अन् हा व्यायाम चार सेकंद धरता येत नाही, कारण जाड स्नायू सगळं काम घेऊन बसलेले.

मग भिंतीपुढं उभं राहून दोन्ही कोपर ते मनगट भिंतीवर, भिंत थोडी ढकलत हात वर सरकवायचे, पाठ बरगडीपासून मागं फुगवल्यासारखी, आणि वर गेल्यावर तिथंच थांबून मान सावकाश डावीकडं, मधे, उजवीकडं. ह्यात सगळा मामला एकत्र येतो, पातं वर फिरलेलं, सेरेटस चालू, अन् त्याच वेळेला मान मोकळी वळतीय. आठ-दहा वेळा, दोन फेऱ्या. ते जमलं की घोडा होऊन, म्हणजे हात अन् गुडघे जमिनीवर, जमीन ढकलून छाती वर उचललेली, आणि मान दोन्हीकडं वळवायची. मान वळताना ज्या बाजूचं पातं खाली खचतं किंवा पंखासारखं बाहेर येतं ती बाजू कच्ची. तुमचं मी पैज लावून सांगतो, डावीकडं वळताना उजवं खचेल. मॅडमना मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा, मागून, शर्ट काढून, आणि तो ताईंना दाखवा. तीन-चार आठवड्यांनी यातच दुसरा हात उचलायचा. रबर सोडू नका, फक्त ते आता ओढा तेव्हा मान डावीकडं वळवून ओढा, खेळात लागतं तसं.

सहा आठवडे तरी द्या. दोन आठवड्यांत मान वळायला लागेल, पण टेंडनची सूज इतक्या लवकर ऐकत नाही.

झोपायचं राहिलं. डाव्या कुशीवर झोपत असाल तर उशी खांद्याच्या रुंदीएवढी जाड, अन् उजव्या हाताला पुढं दुसरी उशी, म्हणजे पातं रात्रभर लोंबकळत नाही. दुखऱ्या कुशीवर नकोच.

एक कळकळीची विनंती. कटिंग झाल्यावर सलूनमध्ये मान मोडून घेऊ नका. मेंदूकडं जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांच्या भोकातूनच वर जातात, अचानक झटक्यानं त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं अन् त्यातून लकवा होऊ शकतो. हे क्वचित होतं, पण झालं तर माणूस जन्माचा अधू होतो. सलूनवाल्याचा हेतू चांगलाच असतो, पण त्याला आत काय आहे ते दिसत नाही. मी स्वतः मानेला हात लावताना आधी चक्कर, डोळ्यांपुढं अंधारी, बोलताना अडखळणं, हे विचारल्याशिवाय लावत नाही.

आणि काही वेळा फिजिओकडं सुद्धा थांबायचं नाही. दोन्ही हातांची बोटं जड झाली, शर्टाची बटणं लागेनात, चालताना तोल जातोय, लघवीवर ताबा राहीना, तर मणक्यातली मुख्य दोरी दबलेली असू शकते, लगेच मोठ्या दवाखान्यात. डाव्या खांद्याबरोबर छातीत दाब, घाम, दम, तर हृदय समजूनच पळायचं. उजव्या खांद्याचं टोक दुखतंय अन् तेलकट खाल्ल्यावर पोटात पण, तर पित्ताशय बघायचं, कारण छाती अन् पोटाच्या मधल्या पडद्याची नस मानेच्या तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या नसेतूनच येते, म्हणून पोटातली कळ खांद्यात बोलते. ताप, वजन घटणं, पडल्यानंतरचं दुखणं, रात्री कुठल्याच कुशीवर न थांबणारं दुखणं, यात पण आधी डॉक्टर.

मैदानावर परत कधी, हे तुम्ही शेवटी विचारलंय. मान दोन्हीकडं सारखी वळायला लागली, घोडा होऊन मान वळवताना पातं खचलं नाही, अन् भिंतीवर हात सरकवताना टोचलं नाही, की सुरू करा. पहिले दोन आठवडे पासिंग अन् खालून सर्व्हिस. मग उभ्यानं, उडी न मारता, भिंतीवर बॉल मारणं, २० पासून. मग उडीसह. फळ्याचं आजपासूनच बदला, वरच्या टोकाला लिहायचं असलं की लांबून हात ताणण्याऐवजी फळ्याच्या जवळ जा, छाती फळ्याकडं पूर्ण वळवा अन् शक्य असलं तर पायाखाली एखादा पाट घ्या. पोरांकडं बघताना मान एकटी मागं वळवू नका, पाय फिरवून वळा, निदान पहिले सहा आठवडे.